दुधावरचं निळं कडं

आमच्या फ्रिजचे दोन भाग होते. वरचा आमचा आणि खालचा सरकारचा. वर लोणी, कोथिंबीर, कालची आमटी आणि बाबांच्या खर्ड्याची वाटी. खाली घट्ट बुचं लावलेल्या काचेच्या नळ्या, त्यांत कुणाच्या म्हशीचं रक्त, कुणाच्या गाईचं दूध. आई जनावरांच्या रोगांवर संशोधन करायची. तिच्या प्रयोगशाळेतली वीज लहरी होती आणि शिवाजी पेठेतली त्या मानाने भरवशाची, म्हणून काही नमुने आमच्याकडे मुक्कामाला यायचे. पाहुण्यांपैकी कुणी थंड पाणी मागितलं, की बाबा आणि मी एकदमच उठायचो. पाहुण्याने स्वतः फ्रिज उघडू नये, एवढाच त्यात हेतू असे. पण आमच्या आदरातिथ्याची पेठेत तारीफ होती. आज असं कुणी घरात नमुने ठेवले तर त्याची नोकरी जाईल आणि ती जायलाच हवी. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

जेवतानाचं आमचं बोलणंही इतर घरांसारखं नव्हतं. बैलाच्या शिंगाच्या मुळाशी कर्करोग होतो, शिंग एका बाजूला कलायला लागतं, बैल डोकं झटकत राहतो, हे मला भूमितीच्या आधी माहीत झालं. आईला हे सांगताना वेळकाळाचं भान नसे. बाबा म्हणायचे, "अगं, भाकरी तरी संपू दे." आई थांबायची, भाकरी संपेपर्यंत वाट बघायची आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायची. त्या वर्षी मात्र तिच्या बोलण्यातून बैल मागे पडले होते आणि म्हशी पुढे आल्या होत्या. गावोगावच्या म्हशी दिवस भरत आले असताना रेडकं टाकत होत्या. त्याच गावांतल्या माणसांना संध्याकाळचा ताप येत होता, आणि तो मलेरियाचा निघत नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं आईला वाटत होतं. तिला तो सिद्ध करायचा होता.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दुधाचा कट्टा होता. पहाटे म्हशी चौकात येऊन उभ्या राहायच्या आणि गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पेल्यात धार काढायचे. तालमीतून सुटलेली पोरं, कोर्टात जाणारे वकील, देवदर्शनाला निघालेले म्हातारे, सगळे तिथे उभ्याने कोमट दूध पीत. समोर काढलेलं दूध शुद्ध, ही कोल्हापूरची श्रद्धा होती. पाणी घालायला वावच नव्हता. अविश्वास दाखवायला तर त्याहून नव्हता. बाबा बँकेत जाण्याआधी रोज तिथे जायचे. आई त्यांना सांगायची, की म्हशीच्या पोटातून येणारं दूध गवळ्याच्या प्रामाणिकपणामुळे निर्जंतुक होत नाही. बाबा म्हणायचे, "माझ्या आज्याला सांग की हे." पणजोबा कधीच वारले होते, त्यामुळे वाद तिथेच थांबायचा.

कट्ट्यावरचं मोठं नाव मारुती आण्णा. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे. त्यांची म्हैस मैना दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून निघायची, तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं उभी असायची. आण्णांनी लांबून हाळी दिली, की गर्दीतून वाट काढत ती त्यांच्यापाशी धावत यायची. मागल्या खेपेला मैनेने रेडकू टाकलं होतं. दूध मात्र सुरू झालं होतं. आण्णांनी तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला, गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या आणि विषय संपवला. त्यांच्या मुलाची बायको सुमन ही माझी शाळेतली बाकमैत्रीण. मी कॉलेजात गेले तेव्हा ती आण्णांच्या घरात सून म्हणून आली. पहिल्या खेपेला तिचं मूल पोटात टिकलं नव्हतं. आता पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना लागला होता आणि रोज सकाळी मैनेच्या ताज्या धारेचा मोठा पेला तिला पाजला जात होता.

आईने कट्ट्यावरच्या सगळ्या गवळ्यांकडून प्रत्येक म्हशीचं थोडं थोडं दूध मागून घेतलं. तिची चाचणी सोपी होती. नळीत दूध घ्यायचं, त्यात निळ्या रंगाने रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा थेंब टाकायचा आणि नळी उबेत ठेवायची. म्हैस निरोगी असेल तर खालचं दूध फिकट निळसर होतं आणि साय पांढरी राहते. पण म्हशीच्या अंगात ब्रुसेला नावाचा जंतू शिरला असेल, तर सगळा निळा रंग सायीबरोबर वर चढतो. खाली पांढरंशुभ्र दूध आणि वर गडद निळं कडं. ब्रुसेला म्हणजे तोच, म्हशींना रेडकं टाकायला लावणारा. गवळ्यांना आईने यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी कळू दे, मग बोलू, हा तिचा स्वभाव. "दुधाची तपासणी आहे," एवढंच ती म्हणाली.

आणि कोल्हापुरात दुधाची तपासणी म्हणजे एकच गोष्ट असते. कुणाचं दूध चांगलं, याचा निकाल. संकलन केंद्रावर फॅट मोजतात, प्रदर्शनात म्हशीची धार मोजतात, आणि जो पहिला येतो तो पुढचं वर्षभर बाकीच्यांना सुखाने जगू देत नाही. डॉक्टरीणबाई नळ्या घेऊन आल्यात म्हटल्यावर प्रत्येकाने आपली म्हैस आदल्या दिवशी धुतली, सरकीची जादा पेंड घातली. संध्याकाळी निकाल बघायला सगळे आमच्या दारात हजर झाले. नेमका त्याच वेळी आईला प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. जाताना ती बाबांना म्हणाली, "वेळ झाली की नळ्यांचा स्टँड उबेतून काढून ओट्यावर ठेवा. आणि कुणाशी काही बोलू नका." यातलं पहिलं काम बाबांनी चोख केलं.

बाबा रविवारी फुटबॉलच्या सामन्यांना पंच असत, त्यामुळे निकाल जाहीर करण्याची त्यांना सवय होती. त्यांनी स्टँड ओट्याऐवजी थेट उंबऱ्यावर आणला. ओळीने नळ्या. सगळ्यांचं दूध निळसर पडलेलं, पावसाळी आभाळासारखं. एकच नळी वेगळी होती. दूध पांढरंशुभ्र आणि वर निळं कडं, एखाद्या भारी लुगड्याला काठ असावा तसं. बाबांनी नळीवरची चिठ्ठी वाचली. "मैना. मारुती आण्णा."

सदा नावाचा गवळी पुढे वाकला. त्याचं आणि आण्णांचं पिढीजात वैर होतं, म्हणजे दोघं रोज एकत्र चहा प्यायचे. "माझं दूध निळं कसं काय पडलं? पाणी घातलंय म्हणतोस काय रं मारुत्या?"

"मी कशाला म्हणू?" आण्णा म्हणाले. "नळी म्हणतीया की!"

"वरती त्ये निळं काय हाय पण?"

"पट्टा हाय त्यो," आण्णा म्हणाले. "जितल्याव बांधत्यात त्यो!"

बाबांनी मान डोलावली. निकाल त्यांनाही पटण्यासारखा होता. मग कुणी हलगी आणली, कुणी गुलाल आणला आणि मैनेला आमच्या दारात आणून तिच्या कपाळाला, शिंगांना तो फासला गेला. आण्णांनी पेढे वाटले. सदाने दोन घेतले आणि दोन्ही कसे बेचव आहेत ते सर्वांना सांगितलं. मीही एक खाल्ला. चांगला होता.

आई परत आली तेव्हा चौकात नाच चालला होता. आण्णांनी तिच्या हातात पेढा ठेवला. "वैनी, मैनीनं नाव काढलं बगा!" आईने उंबऱ्यावरच्या नळ्यांकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी पुढे अनेक वर्षं सांगितलं, की भर मैदानात हजारोंच्या शिव्या खाताना आपण डगमगलो नाही, पण त्या संध्याकाळी घरातून निघून जावंसं वाटलं. "आण्णा," आई म्हणाली, "जरा आत या."

स्वयंपाकघरात आई, आण्णा आणि मी, तिघंच. बाहेर हलगी वाजत होती. आईने नळी ओट्यावर उजेडात धरली आणि सांगितलं, जसं ती आम्हाला जेवताना सांगायची तसंच, सरळ. हे कडं म्हणजे रोगाची खूण. मैनेने रेडकू टाकलं ते बहुतेक याच रोगाने. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी हारलो?"

"ही शर्यत नव्हती, आण्णा."

"भाईर गुलाल उधाळलाय, वैनी."

"ते बघितलं मी."

"म्हस आजारी दिसती का तुमास्नी? खाती, पिती, पान्हा सोडती."

"ती दिसणार नाही आजारी. तिचं कच्चं दूध पिणारे दिसतील. संध्याकाळी ताप, घाम, सांधे धरणं. आणि पोटुशी बाई असेल तर..." आईने वाक्य पुरं केलं नाही.

आण्णांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो त्यांनी हळूच ओट्यावर ठेवला. "सून रोज तिचंच दूध पिती."

"उकळून?"

"उकळून कशाला? धारंचं हाय की!" मग त्यांना राग आला. मला वाटतं, त्यांना भीती वाटली होती आणि ती दाखवायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. "एवढ्याशा नळीवरनं माझी म्हस बदनाम करतासा?"

"बरोबर आहे तुमचं. एका नळीवर मीही छातीठोक सांगणार नाही. मैनेचं रक्त तपासू. सुमनचंही तपासायला हवं. तोवर तिला ते दूध देऊ नका, एवढंच म्हणते."

"सुनंचं रगत काढाय निगालासा व्हय! रोग तुमच्या फिरीजात हायत, माझ्या गोठ्यात न्हाईत." ते ताडताड बाहेर गेले. हलगी त्यांनी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुमनकडे गेले. ती परसात कपडे वाळत घालत होती, एका हाताने कंबर धरून. म्हणाली, "संध्याकाळी कणकण येती गं. पाठ तर जाग्यावर न्हाई. सासूबाई म्हणत्यात, पोटुशीला हुतंच असं." मी तिला दुधाचं सांगितलं. आण्णांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग नको पिऊस," मी म्हटलं.

"न्हाय कसं म्हणू, शुभा? आण्णा सोता गिलास हातात देत्यात आन् संपस्तोर हुबं ऱ्हात्यात. सख्ख्या बापानं कवा एवढं केलं न्हाई माझं." तिने चिमटा लावला, पुन्हा काढला. "पोराला काय हुईल काय गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. पुढे वृत्तपत्रात नोकरी लागल्यावर हेच वाक्य मी हजारदा लिहिलं, वेगळ्या शब्दांत, तृतीय पुरुषात. तोंडावर, ओळखीच्या माणसाला, ते म्हणणं फार अवघड असतं.

पुढे काय झालं ते सुमननेच सांगितलं. मी जाऊन आल्यावर दुसऱ्या सकाळी आण्णांनी नेहमीसारखी धार काढली, पेला भरून तिच्या हातात दिला आणि समोर उभे राहिले. तिने पेला ओठाला लावला. आण्णांनी हात पुढे केला, पेला काढून घेतला आणि सगळं दूध मोरीत ओतलं. सासूबाई ओरडल्या, लक्ष्मी ओतली म्हणून.  थोड्या वेळाने आमच्या दारात ते उभे होते. मागे डोक्यावर पदर घेतलेली सुमन, आणि तिच्यामागे दोरीला मैना. शिंगांवरचा गुलाल अजून पुरता निघाला नव्हता.

"वैनी," ते म्हणाले, "दोगींचं रगत घ्या."

मैनेचं आईने घेतलं, सुमनचं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी. दोघींच्या रक्तात रोग निघाला. सुमनला पोटातल्या बाळाला चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या, त्या बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. बाळ दिवस भरेपर्यंत टिकेल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टरीणबाईही नाही, आईही नाही. आई रात्रीचं जेवण झालं की सुमनचा ताप उतरला का ते बघून यायची. जेवताना ती बोलेनाशी झाली होती. बाबाच मग एखाद्या बैलाचा विषय काढायचे.

राहिला प्रश्न कट्ट्याचा. मैनेचं दूध पेठेतल्या कित्येकांनी महिनोन्‌महिने प्यायलं होतं. आई आण्णांना म्हणाली, "मी लोकांना तपासणीला बोलावते. कुणाच्या म्हशीचं, ते सांगत नाही."

"गुलाल माझ्या नावानं उधाळला," आण्णा म्हणाले. "आता नाव न घेता कसं सांगतासा?"

सकाळी ऐन गर्दीच्या वेळी ते कट्ट्यावर उभे राहिले. मैना बरोबर नव्हती. हातात बूच लावलेली ती नळी होती. त्या आवाजाला माईकची गरज कधीच नव्हती. "पावणं, ऐका! त्या दिशी ह्या नळीवरनं मी नाचलो. त्यो पट्टा न्हवं, रोग हाय. माझ्या मैनीला हाय. माझ्या सुनंला झालाय. तुमच्यातल्या कुणाला बी आसंल. ज्याला सांजचा ताप येतोय, सांधं धरत्यात, त्यानं वैनींच्या घरी जावा. त्या सांगतील कुठं जायाचं त्ये."

 पेले हातात तसेच. मग मागून सदाचा आवाज आला. "आन् पेढं? त्ये परत घेनार काय?"

"तुझं दोन पोटातच ऱ्हाऊ देत," आण्णा म्हणाले. "दुसरं काय गेलंय पोटात, त्येवडं बगून घे."

माणसं हसली, आणि हसल्यामुळे एकेकाला बोलता आलं. कुणी म्हणालं, मला येतो ताप. कुणी म्हणालं, आमच्या पोराला. आमच्या घरासमोर रांग लागली. रांगेत सगळ्यात शेवटी, पंचाची शिट्टी खिशात असल्यासारखे ताठ, बाबा उभे होते. आईने वर बघितलं.

"तुम्हाला काय झालंय?"

"गुडघा," बाबा म्हणाले. "आणि जरा ताप. मला वाटलं, मैदानावर पळून होतंय."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

आईने सिरिंज उचलली. ब्रुसेलाच्या शोधात ती तालुकेच्या तालुके पालथे घालत होती आणि तो तिच्याच गादीवर झोपत होता. तिने इतकंच म्हटलं, "बाही वर करा." माझं रक्तही तिने त्याच दिवशी घेतलं; घरच्यांसाठी तिने इस्पितळाची वाट बघितली नाही. मी सुटले. बाबांना गोळ्यांच्या कडवटपणाबद्दल तक्रार करण्याची परवानगी नव्हती.

आण्णांनी आपल्या जागी चूल मांडली, पातेलं चढवलं आणि उकळलेलं दूध विकायला लागले. कट्ट्यावर उकळलेलं दूध, म्हणजे तालमीत खुर्ची टाकून बसण्यासारखं. निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीकडे वळली. शहरात आजही ताजी धार पिणारे आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त त्यांना संध्याकाळच्या तापाबद्दल विचारते. जुनी सवय.

मैनेला घ्यायला एक व्यापारी तयार होता. लांबच्या बाजारात नेणार होता, काही विचारणार नव्हता. आण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "तितं बी कुणाची तरी सून आसंल की," ते आईला म्हणाले. मैनेला त्यांनी कळंब्याच्या पलीकडे मेव्हण्याच्या रानात एकटीला बांधलं. आई म्हणाली, नीट उकळलं तर तिचं दूध चालेल, फक्त धार काढताना हातमोजे घाला. हातमोजे त्यांनी घातले, कुरकुरत. मैनेला हात ओळखू येत नाही, म्हणाले. दूध मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. रानात एक खड्डा खणला, त्यात चुना टाकला. "उकाळलं तरी मला ठावं हाय की," एवढंच त्यांचं म्हणणं.

सुमनला कळा सुरू झाल्या तेव्हा आई इस्पितळाच्या बाकावर जाऊन बसली. तिथे तिचं काहीच काम नव्हतं. ती जनावरांची डॉक्टर. दुपारी आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी. पुऱ्या दिवसांची. आईने नर्सला वजन विचारलं, रंग विचारला, दूध ओढते का ते विचारलं, आणि मग बाकावर परत बसून पदराने चष्मा पुसत राहिली. पुढे ती वर्षभर त्या बाळाकडे जात होती. मान कधी धरली, कुशीवर कधी वळली, आवाजाकडे बघते का. सुमन म्हणायची, आत्या यावी तशी येते तुझी आई, फक्त झबली आणत नाही.

आण्णांनी दारातूनच नातीकडे बघितलं. सासूबाई बाळ त्यांच्याकडे द्यायला निघाल्या तर ते मागे सरले. "नगं. म्हशीचं हात हायत." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "धारंची येळ झाली." आईने चुन्याची पिशवी आणि नवे हातमोजे माझ्याकडे दिले होते, म्हणून मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून रानात गेले.

मैनेने लांबूनच मान वर केली. आण्णा तिच्या पोटाशी उकिडवे बसले. "मैने," ते म्हणाले, "नात झाली." धार बादलीत पडू लागली. रानात दुसरा आवाज नव्हता. बादली भरली तसे ते उठले आणि ती त्यांनी माझ्यासमोर तिरकी धरली. वर बोटभर फेस दाटून आला होता.

"बग, पोरी. आख्ख्या पेठंत हाय का आसला फेस?"

"नाही, आण्णा," मी म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली, खड्ड्यापाशी गेले आणि बादली पालथी केली.